पंडिता रमाबाई : संस्कृतापासून साध्या मराठीपर्यंत

वायवाला इंग्रजी, मेसमध्ये हिंदी आणि घरच्या फोनवर गावची मराठी. माणूस तोच, पण प्रत्येक वेळी आवाज थोडा बदलतोच ना! पंडिता रमाबाईंचं तर सगळं आयुष्यच असं गेलं.

जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. त्याच आईनं रमाबाईंना शिकवलं. घर म्हणजे तीर्थयात्रा आणि पुराणं सांगणं. मराठी घरातली, कानडी, हिंदी वाटेत जमली. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी फिरत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय वीस! (आपण त्या वयात केटी सोडवत असतो.) बंगाली वकिलाशी लग्न झालं, पण दोन वर्षांत वैधव्य आलं. लहानग्या मनोरमेला घेऊन १८८२ साली त्या पुण्यात आल्या.

संस्कृत बोलणारी बाई म्हणजे कौतुकाचा विषय होता. तीच मराठीत बायकांना जमवून बोलू लागली, तेव्हा काहींना ती अडचणीची वाटू लागली. त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे मराठीत साक्ष देऊन स्त्री डॉक्टरांची मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हायला १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पण कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येत असताना परकी भाषा शिकणं म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. त्यांनी इंग्रजी शिकली, चेल्टनहॅमला संस्कृत शिकवलं. ख्रिस्ती झाल्या, तरी मठातल्या सिस्टरांशी इंग्रजी पत्रांतून वाद घालायच्या थांबल्या नाहीत.

गंमत पुढे आहे. १८८७ साली अमेरिकनांसाठी इंग्रजीत लिहिलं ते इथल्या उच्चवर्णीय हिंदू बायकांच्या दुःखाबद्दल. १८८९ साली मराठीत लिहिलं ते अमेरिकेबद्दल. ज्याला जे ठाऊक नाही, ते त्याच्याच भाषेत सांगायचं! इंग्रजी पुस्तकामुळे मदत मिळाली आणि विधवांसाठी शारदा सदन उभं राहिलं.

शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये गेली. दौंडकडे जाणाऱ्या गाडीत हे स्टेशन लागतं. तिथे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतलं. जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले, कारण आश्रमातल्या खेड्यातल्या बायांना ते कळायला हवं होतं. संस्कृतासाठी पदवी मिळालेल्या बाईनं संस्कृतच बाजूला ठेवलं. छापखाना आश्रमातल्या बायकाच चालवत. अनुवाद पुरा झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर आलं.