एका शब्दासाठी : विल्यम टिंडेल आणि स्वर्गाची आशा

आपल्या मंडळ्यांत कोणी निधन पावले की ती बातमी दोन तऱ्हांनी लिहिली जाते. कोणी लिहितात, अमुक बंधू स्वर्गवासी झाले. कोणी लिहितात, ते प्रभूमध्ये झोपी गेले. दोन्ही वाक्ये आपण एका दमात वाचतो व दोहोंचा अर्थ एकच समजतो. वास्तविक पहिले वाक्य सांगते की, प्रवास संपला. दुसरे सांगते की, उठावयाचे अजून बाकी आहे. ह्या दोहोंतील अंतर ज्याने फार गंभीरपणे मानले, आणि त्यापायी आपल्या एका जुन्या सहकाऱ्याशी जाहीर वाद केला, त्या विल्यम टिंडेलचे चरित्र आम्ही ह्या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहो. इंग्लिश पवित्र शास्त्राचा जनक व रक्तसाक्षी म्हणून टिंडेल आपणांस ठाऊक आहे. स्वर्गाविषयीचा त्याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

टिंडेलचा जन्म सुमारे १४९४ साली इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात झाला. ऑक्सफर्ड येथे शिकून १५१५ साली तो एम. ए. झाला. त्याला अनेक भाषा अवगत होत्या. १५१६ साली इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला आणि मूळ शब्द डोळ्यांनी वाचण्याची सोय विद्वानांना झाली. लिटल सॉडबरी गावी सर जॉन वॉल्श ह्यांच्या घरी टिंडेल मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. तेथे जेवणाच्या पंक्तीस येणाऱ्या धर्मगुरूंशी त्याचे वाद होत. ह्या लोकांना पवित्र शास्त्राचे ज्ञान किती थोडे आहे हे पाहून त्याचे मन कळवळले. नांगर धरणाऱ्या पोरालाही ह्या पंडितांहून अधिक शास्त्र कळेल असे करावयाचे, हा निश्चय त्याने तेथेच बोलून दाखविला.

त्या काळी बिशपाच्या परवानगीवाचून इंग्लिशमध्ये शास्त्राचे भाषांतर करणे हा अपराध होता. म्हणून १५२३ साली तो लंडनचे बिशप टन्स्टल ह्यांच्याकडे आश्रय मागण्यास गेला. पण तेथे त्याला जागा मिळाली नाही. हम्फ्री मॉनमथ नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने त्याला सहा महिने आपल्या घरी ठेविले. १५२४ साली टिंडेल समुद्रापलीकडे गेला आणि पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही.

१५२५ साली कोलोन शहरात नव्या कराराची छपाई सुरू झाली. विरोधकांना सुगावा लागला, छापा पडण्याची वेळ आली, आणि टिंडेल छापलेली पाने घेऊन ऱ्हाइन नदीने वर्म्सला निघून गेला. त्या अपुऱ्या छपाईचा जो तुकडा आज शिल्लक आहे, तो मत्तयाच्या २२ व्या अध्यायात मध्येच तुटतो. ह्याच अध्यायात पुढे सदूकी लोक येशूला पुनरुत्थानाविषयी प्रश्न विचारतात, आणि ह्याच वचनांवरून पुढे नऊ वर्षांनी टिंडेलचा मोठा वाद व्हावयाचा होता. १५२६ साली वर्म्स येथे संपूर्ण नवा करार छापून झाला. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून तो इंग्लंडात पोहोचविण्यात आला. त्याच वर्षी बिशप टन्स्टलने लंडनमध्ये सेंट पॉल्सपाशी त्याच्या प्रती जाळविल्या. त्या आवृत्तीच्या आज जगात तीनच प्रती ज्ञात आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. त्या काळच्या सामान्य ख्रिस्ती मनुष्याच्या मनात मरणानंतरचे चित्र कसे होते? मरताच जिवाचा निवाडा होतो. थोडे पवित्र जन थेट स्वर्गात जातात, दुष्ट नरकात पडतात, आणि बहुतेक सारे शुद्धिस्थानात यातना भोगीत राहतात. त्यांच्या सुटकेसाठी मिस्सा म्हणवून घ्यावयाची, क्षमापत्रे घ्यावयाची, दाने द्यावयाची. पुनरुत्थान विश्वासांगीकारात म्हटले जाई खरे. पण लोकांच्या भीतीत व आशेत त्याला जागा उरली नव्हती. ज्याचा सारा निकाल मरणाच्या घटकेसच लागला, त्याने शेवटच्या दिवसाची वाट कशासाठी पाहावी?

टिंडेलने हाच प्रश्न विचारला. सर थॉमस मोर हा राजाचा विद्वान मंत्री. त्याने १५२९ साली टिंडेलविरुद्ध ग्रंथ लिहिला व त्याच वर्षी शुद्धिस्थानाच्या समर्थनार्थ दुसरे पुस्तकही लिहिले. टिंडेलने १५३१ साली मोरला उत्तर दिले. त्यात त्याचा मुद्दा असा की, मेलेल्यांचे जीव आधीच स्वर्गात, नरकात व शुद्धिस्थानात नेऊन बसविले तर ख्रिस्ताने व पौलाने पुनरुत्थानाची जी प्रमाणे दिली ती निरुपयोगी होतात. पौल थेस्सलनीकाकरांचे सांत्वन करतो, तेव्हा त्यांचे मृत आप्त स्वर्गात सुखाने आहेत असे सांगून तो थांबत नाही. प्रभू येईल व ते उठतील, असे तो सांगतो. करिंथकरांस लिहिताना तर मेलेले उठत नसतील तर आपला विश्वास व्यर्थ, असेच त्याचे म्हणणे आहे. टिंडेलला वाटे की, जिवाचे अमरत्व ही ग्रीक तत्त्वज्ञांची शिकवण आहे आणि मेलेल्यांचे उठणे ही प्रेषितांची. दोन्ही एकत्र कालविली म्हणजे दुसरी हळूहळू विरून जाते.

ह्यानंतर जे घडले ते अधिक दुःखाचे होते, कारण ते घरातच घडले. जॉर्ज जॉय हा केंब्रिजचा विद्वान. तोही सुधारणेच्या मताचा, तोही देश सोडून अँटवर्पला आलेला. त्याने इंग्लिश वाचकांसाठी जुन्या करारातील पुस्तकांची भाषांतरे केली होती. टिंडेलच्या नव्या कराराला मागणी इतकी होती की अँटवर्पचे छापखानेवाले त्याला न विचारता आवृत्त्या काढीत; आणि खिळे जुळविणाऱ्यांना इंग्लिश येत नसल्यामुळे त्यांत चुकांचा सुकाळ होई. अशीच एक आवृत्ती तपासून देण्याचे काम जॉयने पत्करले. १५३४ च्या ऑगस्टात ती बाहेर पडली. तीत जॉयने छपाईच्या चुका तर सुधारल्याच, पण मत्तयाच्या २२ व्या अध्यायात व अशा आणखी कित्येक ठिकाणी टिंडेलचा ‘पुनरुत्थान’ हा शब्द काढून ‘ह्या जीवनानंतरचे जीवन’ असे शब्द घातले. त्यावर स्वतःचे नाव मात्र घातले नाही.

जॉयचा हेतू वाईट नव्हता. त्याचे म्हणणे असे : सदूकी लोक शरीराचेच उठणे नव्हे, तर मरणानंतर जीव राहतो हेच नाकारीत होते. प्रभूने उत्तर देताना देव अब्राहामाचा, इसहाकाचा व याकोबाचा देव आहे ह्या वचनाचा आधार घेतला. त्यावरून हे पूर्वज आजही जिवंत आहेत एवढेच सिद्ध होते. म्हणून तेथे शरीराच्या उठण्याचा शब्द नको. शरीराचे पुनरुत्थान आपण मानतो, हे जॉयने पुढे स्पष्ट लिहून ठेविले. तेव्हा त्याला अविश्वासू म्हणणे न्यायाचे होणार नाही.

टिंडेल त्या वेळी स्वतःच्या भाषांतराची हजारो ठिकाणी दुरुस्ती करीत होता. ही सुधारलेली आवृत्ती नोव्हेंबर १५३४ मध्ये निघाली आणि तिच्यात त्याने जॉयविरुद्ध एक निराळी प्रस्तावना जोडली. तिचे शब्द कडक आहेत. वाचक टिंडेलचे म्हणून जे वाचणार, त्यात दुसऱ्याने गुपचूप आपले मत घालावे हे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटले. ज्याला निराळे भाषांतर करावयाचे असेल त्याने ते करावे व त्यावर आपले नाव घालावे, असे त्याने बजाविले. त्याहून मोठी भीती त्याने बोलून दाखविली ती अशी की, शास्त्रातील पुनरुत्थान अशा रीतीने केवळ जिवाच्या टिकून राहण्यात बदलले, तर शरीराचे उठणे मानण्यास सामान्य वाचकाला आधारच राहणार नाही. ग्रीक ‘अनास्तासिस’ ह्या शब्दाचा अर्थ पुन्हा उठून उभे राहणे असा आहे. जो पडला तोच उठतो. प्रभूच्या प्रमाणाचा अर्थही टिंडेल निराळा लावी : देव अब्राहामाचा देव आहे, आणि देव मेलेल्यांना सोडून देत नाही, म्हणून अब्राहाम उठेलच.

टिंडेलची नम्रता दिसते ती ह्याच वादात. मृत विश्वासणारे सध्या कोठे व कसे आहेत, ह्याविषयी त्याने हट्ट धरला नाही. ख्रिस्त ज्या पूर्ण गौरवात आहे त्यात ते आताच पोहोचले आहेत, अशी आपली खात्री होत नाही, एवढेच तो म्हणे. हे मत विश्वासाचे कलम म्हणून कोणावर लादू नये, आणि शास्त्रावरून कोणी निराळे दाखविल्यास आपण मानू, असेही त्याने कळविले. जेथे शास्त्र स्पष्ट बोलते तेथे त्याने एक शब्दही सोडला नाही. जेथे शास्त्र थोडे बोलते तेथे तोही थोडेच बोलला.

ह्या वादाला वर्षही झाले नाही तोच टिंडेलवर संकट आले. अँटवर्पला तो थॉमस पॉइंट्झ ह्या इंग्लिश व्यापाऱ्याच्या घरी राहत असे. हेन्री फिलिप्स नावाच्या एका तरुण इंग्लिश माणसाने मैत्रीचे सोंग करून मे १५३५ मध्ये त्याला घराबाहेर काढले व शिपायांच्या स्वाधीन केले. ब्रसेल्सजवळील व्हिल्व्होर्डे किल्ल्यात तो सोळा महिन्यांहून अधिक काळ बंदीत होता. त्याच्या सुटकेसाठी धडपडताना पॉइंट्झ स्वतःच कैदेत पडला व कसाबसा निसटला. तुरुंगातून टिंडेलने लॅटिनमध्ये लिहिलेले एक पत्र आजही जपून ठेविलेले आहे. हिवाळ्यासाठी उबदार टोपी व अंगरखा, फाटके कपडे ठिगळण्यास कापड, संध्याकाळी एक दिवा, आणि सर्वांत अधिक आग्रहाने हिब्रू पवित्र शास्त्र, व्याकरण व शब्दकोश ह्यांची मागणी त्यात आहे. शरीर उठणार आहे असे मानणाऱ्या ह्या माणसाने आपल्या शरीराला तुच्छ लेखिले नाही. थंडी वाजते हे सांगण्यास त्याला संकोच वाटला नाही.

तो कैदेत असतानाच जुलै १५३५ मध्ये थॉमस मोरचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला. मरणानंतरच्या जीवनाविषयी इतके भांडलेले हे दोघे आपापल्या निष्ठेपायी पंधरा महिन्यांच्या अंतराने मरणास सामोरे गेले. ऑक्टोबर १५३६ मध्ये टिंडेलला खांबाला बांधून आधी गळा आवळून मारिले व मग जाळिले. इंग्लंडच्या राजाचे डोळे प्रभूने उघडावे, ही त्याची शेवटची प्रार्थना होती असे सांगतात. पुढच्याच वर्षी त्याच्या भाषांतरावर आधारलेले पवित्र शास्त्र राजाच्या परवानगीने इंग्लंडात विकले जाऊ लागले. १६११ सालच्या प्रसिद्ध भाषांतरातील नव्या कराराचे पाचांतील चार भागांहून अधिक शब्द टिंडेलचे आहेत, अशी अभ्यासकांची गणती आहे. आणि त्या भाषांतरात मत्तयाच्या २२ व्या अध्यायात शब्द आहे तो ‘पुनरुत्थान’ हाच.

टिंडेलचे सगळेच म्हणणे पुढे मंडळीने स्वीकारले असे नाही. मरणानंतर जीव झोपतो ह्या मताविरुद्ध कॅल्व्हिनने तरुणपणीच पुस्तक लिहिले होते. वधस्तंभावरील चोराला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले, आणि पौलाला येथून निघून ख्रिस्ताजवळ असणे फार चांगले वाटले. ही वचने कोणालाही पुसून टाकता येत नाहीत. १६४६ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराने दोन्ही धरून ठेविले : नीतिमानांचे जीव तत्काळ देवाजवळ जातात, पण तेथेही ते आपल्या शरीरांच्या पूर्ण उद्धाराची वाट पाहतात. म्हणजे देवाजवळ विसावा खरा. पण तो शेवट नव्हे. १९५५ साली ऑस्कर कुलमन ह्या शास्त्राभ्यासकाने हार्वर्ड येथील व्याख्यानात आत्म्याचे अमरत्व की मृतांचे पुनरुत्थान, हाच प्रश्न पुन्हा उभा केला, तेव्हा पुष्कळ ख्रिस्ती लोक दुखावले. आजही तो प्रश्न जुना झालेला नाही.

आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस तर त्याची अधिकच गरज आहे. ‘स्वर्ग’ हा शब्द आपण शेजारधर्माकडून घेतला. तेथे स्वर्ग म्हणजे पुण्याने मिळणारे सुखाचे स्थान. पुण्य सरले की तेथून परतावे लागते. आपण त्यातील परतणे काढून टाकले, कृपा घातली, आणि बाकीचे चित्र बहुधा तसेच ठेविले : दूर, वर कोठेतरी, देह व पृथ्वी मागे टाकून गाठावयाचे एक ठिकाण. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात मात्र नवे यरुशलेम खाली उतरते. देव आपली वस्ती माणसांमध्ये करतो. नवे आकाश व नवी पृथ्वी होते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण दररोज मागतो तेही देवाची इच्छा पृथ्वीवर पूर्ण व्हावी, हेच.

ह्याचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ आहे. जे शरीर देव उठविणार आहे, त्याची सेवा ही दुय्यम गोष्ट नव्हे. म्हणून इस्पितळातील परिचारिकेचे, भुकेल्याला वाढणाऱ्या हाताचे व म्हाताऱ्या आईचे पाय चेपणाऱ्या सुनेचे काम देवाच्या राज्याचेच काम आहे. आणि कबरेपाशी उभे असताना, गेलेला माणूस सुटला एवढेच सांगून आपण रडणाऱ्यांचे तोंड बंद करू नये. मरण हा शत्रूच आहे, असे पौल करिंथकरांस लिहितो. शत्रूने घाव घातला आहे, म्हणून रडणे योग्य आहे. शत्रू जिंकला गेला आहे, म्हणून आशा योग्य आहे.

टिंडेलला कबर मिळाली नाही. त्याच्या देहाची राख झाली. ज्या प्रभूने तिसऱ्या दिवशी कबर रिकामी केली, त्याला त्या राखेचा ठावठिकाणा माहीत आहे, ह्या भरवशावर तो गेला. त्याच भरवशावर आपणही आपली माणसे मातीत ठेवितो. ती आशा प्रभू आपणां सर्वांत दृढ करो.