न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लामची दगडी इमारत उभी आहे. ही संस्था १८७४ साली स्थापन झाली. ती उभी करण्यासाठी व वाढवण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर कष्ट घेतले, त्यांत बदरुद्दीन तय्यबजी यांचे नाव फार आदराने घेतले जाते.

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील तय्यब अली हे सुलेमानी बोहरा समाजातील व्यापारी होते. घराणे मूळचे खंबायतचे. घरची भाषा गुजराती होती. पण पुढे या कुटुंबाने उर्दू आपलीशी केली. बदरुद्दीन आधी मदरशात व नंतर एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. सोळाव्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत. त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन हे पहिले भारतीय सॉलिसिटर होते.

वकिलाचे काम वाद घालण्याचे. पण बदरुद्दीन यांचे मोठेपण कोर्टाबाहेर, वाद मिटवण्याच्या कामात दिसले. फिरोजशहा मेहता पारशी, काशिनाथ तेलंग हिंदू आणि बदरुद्दीन मुसलमान. या तिघांनी मिळून १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था काढली. त्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले. दोन वर्षांनी, डिसेंबर १८८७ मध्ये, मद्रासला (आजचे चेन्नई) तिसरे अधिवेशन झाले. त्याला ६०७ प्रतिनिधी आले होते. अध्यक्षस्थानी बदरुद्दीन होते. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष.

नेमक्या त्याच दिवसांत लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी भाषण केले आणि मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे सांगितले. सर सय्यद हे काही लहानसहान माणूस नव्हते. अलीगढचे कॉलेज त्यांनी उभारले होते. त्यांच्या शब्दाला सर्वत्र मान होता. आता बदरुद्दीन यांच्यापुढे पेच पडला. एकीकडे काँग्रेस, दुसरीकडे आपल्याच समाजातील सर्वांत वडीलधारा नेता.

त्यांनी वर्तमानपत्रातून सर सय्यद यांची टर उडवली नाही, किंवा गप्पही बसले नाहीत. फेब्रुवारी १८८८ मध्ये त्यांनी सर सय्यद यांना अदबीने पत्र लिहिले. सर सय्यद यांचे म्हणणे होते की, इतक्या धर्मांचे आणि जातींचे लोक मिळून एक राष्ट्र होत नाही, मग राष्ट्रीय सभा कसली? बदरुद्दीन यांनी या मुद्द्यावर हट्ट धरला नाही. भारतात अनेक समाज आहेत आणि प्रत्येकाचे आपापले प्रश्न आहेत, हे त्यांनी सरळ मान्य केले. पण काही प्रश्न सर्वांचे सारखेच असतात, तेवढ्यापुरते तरी एकत्र बसायला काय हरकत आहे, असे त्यांनी विचारले. एखादा ठराव मुसलमानांच्या हिताविरुद्ध वाटला, तर बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत जाऊन तो थांबवावा, असे त्यांचे मत होते.

(मराठीत 'हरकत घेणे' म्हणजे आक्षेप घेणे. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. दोन्हींत गोंधळ करू नका.)

आत जाऊन थांबवायचे, पण कसे? सभेत हात वर करून मते मोजली, तर संख्येने कमी असलेले नेहमीच हरणार. तुमच्या वर्गात सहलीचे ठिकाण ठरवताना असेच होते. चाळीस जण एका बाजूला, आठ दुसऱ्या बाजूला. आठ जण सहलीला येतात, पण रुसून. म्हणून बदरुद्दीन यांनी एक नियम सुचवला. १८८८ च्या अलाहाबाद (आजचे प्रयागराज) अधिवेशनात तो मंजूर झाला. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींनी एकमताने किंवा जवळजवळ एकमताने हरकत घेतली, तर तो विषय चर्चेला घ्यायचा नाही. चर्चा होऊन गेल्यावर तसा विरोध दिसला, तरी ठराव सोडून द्यायचा. ज्या विषयांवर काँग्रेसने आधीच मत दिले होते, त्यांना मात्र हा नियम लागू नव्हता. नियमात दोन्ही समाजांची नावे होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणावर मेहेरबानी नव्हती. दोघांच्याही हाती सारखाच अधिकार होता.

तरीही मुसलमानांमधील मतभेद मिटले नाहीत. अनेक शहरांत काँग्रेसविरुद्ध सभा होऊ लागल्या. तेव्हा ऑक्टोबर १८८८ मध्ये बदरुद्दीन यांनी काँग्रेसचे चिटणीस अॅलन ह्यूम यांना एक विलक्षण पत्र लिहिले. अलाहाबादचे अधिवेशन उत्तम पार पाडावे आणि त्यानंतर निदान पाच वर्षे काँग्रेस तहकूब ठेवावी, असे त्यांनी सुचवले. ज्या संस्थेचे आपण अध्यक्ष होतो, तीच काही काळ थांबवा असे सांगणे सोपे नव्हते. भांडण वाढत असताना पुढे रेटण्यापेक्षा थोडे थांबलेले बरे, असा त्यांचा विचार होता. हा सल्ला मानला गेला नाही. तो मानला असता तर सुरू झालेले काम कदाचित कायमचेच बंद पडले असते, असेही म्हणता येईल. पण सल्ला नाकारला म्हणून बदरुद्दीन यांनी काँग्रेसवर राग धरला नाही. आपले मत त्यांनी बदलले नाही आणि मैत्रीही तोडली नाही.

१८९५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथे सर्वांचे मत घेऊन चालत नाही. निकाल एकट्याने द्यावा लागतो. १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांचा जामीन आधी उच्च न्यायालयातही नाकारला गेला होता. नंतर अर्ज बदरुद्दीन यांच्यापुढे आला. सरकार नाराज होणार हे उघड होते. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे, आणि तो पुढे निर्दोष ठरला तर तुरुंगातले दिवस त्याला कोणी परत देणार नाही, असा विचार करून त्यांनी जामीन मंजूर केला. १९०२ साली त्यांनी काही काळ मुख्य न्यायाधीशाचे कामही पाहिले.

सर सय्यद १८९८ साली वारले. त्यांनी सुरू केलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन १९०३ साली मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्ष म्हणून बदरुद्दीन तय्यबजी यांना बोलावले गेले. ज्यांच्याशी पंधरा वर्षांपूर्वी मतभेद झाले होते, त्यांच्याच संस्थेच्या व्यासपीठावर ते उभे राहिले. काँग्रेसविषयीचे आपले मत त्यांनी तेथेही लपवले नाही. मुलींच्या शिक्षणावर त्यांनी विशेष भर दिला. स्वतःच्या मुलींना त्यांनी आधीच शिकवले होते.

अंजुमनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अखेरपर्यंत होते. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.