गुरुवारचा वर्ग : पॅरिसमधील शिक्षक आबे फारिया

पणजीत मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यालगत आबे फारिया यांचा पुतळा उभा आहे. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला आणि १९४५ मध्ये तो तेथे बसवण्यात आला. पायघोळ झग्यातील धर्मगुरू पुढे झुकून दोन्ही हात पसरतो आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री भान हरपून कोसळते आहे. शिल्प म्हणून ते प्रभावी आहे, यात वाद नाही. मात्र ते पाहणाऱ्याची समजूत अशी होते की, काही गूढ शक्ती त्या हातांतून निघून स्त्रीच्या देहात शिरत असावी. फारिया यांनी आयुष्याची अखेरची वर्षे नेमकी ही समजूत खोडून काढण्यात घालवली. आपल्या हातांत काही नाही, जे आहे ते समोरच्याच्या मनात आहे, हे ते परक्या शहरात, परक्या भाषेत, आठवड्यामागून आठवडे शिकवीत राहिले. संमोहनाचे जनक, क्रांतिकारक, कादंबरीतील पात्र अशा त्यांच्या अनेक ओळखी आपण सांगतो. ते परदेशात पोट भरणारे एक शिक्षक होते, ही ओळख मात्र मागे राहून गेली आहे.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे आईच्या घरी झाला. वडील कायतान व्हितोरीन कोलवाळचे. आईवडिलांचे पटले नाही. दोघांनी संमतीने संसार मोडला; आई रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि वडील पुन्हा धर्मसेवेकडे वळले. १७७१ मध्ये वडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन लिस्बनची वाट धरली. तेथून रोम. धर्मप्रसार संस्थेच्या विद्यालयात शिकून मुलाला १७८० मध्ये पुरोहितदीक्षा मिळाली आणि धर्मशास्त्राची डॉक्टरेटही. पुढे लिस्बनच्या राजप्रासादातील प्रार्थनामंदिरात प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचा बसली आणि वडिलांनी, ही सगळी भाजी आहे, काप, असे कोकणीत हळूच सुचवले, ही आख्यायिका गोव्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिचा पुरावा शोधण्यात अर्थ नाही. पण एका शब्दाने माणसाच्या मनात काय घडते, हे पुढे आयुष्यभर तपासणाऱ्या माणसाच्या चरित्रात ती शोभून दिसते खरी.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीस आले. कांदोळी हेच त्या कटाचे केंद्र, आणि कटातले काही पाद्री लिस्बनमध्ये फारिया पितापुत्रांच्या ऊठबशीतले. गोव्यात पुढच्या वर्षी अनेकांना फाशी झाली. जुझे कुस्तोदियो यांनी १७८८ मध्ये पॅरिस गाठले. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टिपू सुलतानाचे वकील पॅरिसला पोहोचले आणि त्यांचा पोशाख पाहायला रस्तोरस्ती गर्दी लोटली. वकील मायदेशी परतले. कांदोळीचा पाद्री मात्र तेथेच राहिला. वर्षभरात क्रांती झाली. ऑक्टोबर १७९५ मध्ये राष्ट्रीय सभेविरुद्ध पॅरिसच्या मोहल्ल्यांनी उठाव केला, तेव्हा एका तुकडीचे नेतृत्व फारियांनी केले. तो उठाव तोफा डागून मोडणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचे नाव नेपोलियन बोनापार्त.

त्यानंतरच्या वर्षांत ते आपल्याला दिसतात ते बड्या घरांच्या दिवाणखान्यांत आणि जेवणाच्या मेजांवर. उंचापुरा, सावळा, हिंदुस्थानातून आलेला आणि ज्याची त्याची उत्सुकता जागवणारा हा पाद्री यजमानिणींना हवासा वाटे. परक्या माणसाचे हे कौतुक फसवे असते, हे परदेशी राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मादाम द क्युस्तीन यांच्या घरच्या भोजनाचा एक प्रसंग शातोब्रियाँ या विख्यात लेखकाने आपल्या आठवणींत नोंदवला आहे. फारियांनी म्हणे चुंबकशक्तीने कॅनरी पक्षी मारून दाखवण्याची बढाई मारली, पण पक्षीच बलवत्तर ठरला आणि पाद्रीबुवांना जीव वाचवण्यासाठी माघार घ्यावी लागली. लेखकाने नावही चुकीचे लिहिले आहे, फारियाऐवजी फुरिया. गंमत म्हणून सांगितलेल्या या किश्श्यातून एवढे कळते की, त्या मेजावर फारियांना पाहुणा म्हणून खुर्ची होती, विद्वान म्हणून नव्हती.

विद्वान म्हणून खुर्ची मिळाली ती १८११ मध्ये, मार्सेय येथे. नेपोलियनने साऱ्या देशातले शिक्षण एका राष्ट्रीय विद्यापीठाच्या छत्राखाली आणले होते. विद्यालयांतला दिवस नगाऱ्याच्या ठोक्यावर चाले, विद्यार्थी गणवेशात असत आणि शिस्त छावणीची असे. या व्यवस्थेत पंचावन्न वर्षांच्या गोमंतकीयाची तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मार्सेयच्या वैद्यक मंडळानेही त्यांना सदस्य करून घेतले. वैद्यकाची पदवी नसलेल्या माणसाला हा मान मिळाला, यावरून त्यांच्या झोपेच्या प्रयोगांची वार्ता तेथवर पोहोचली असावी. पण मार्सेयचे दिवस थोडेच ठरले. लवकरच त्यांची बदली नीम या गावी झाली, तीही खालच्या, साहाय्यकाच्या जागेवर. १८१३ मध्ये ते पॅरिसला परतले. वय सत्तावन्न, पगार नाही, पदरी शिकवण्याची हातोटी.

त्यांनी स्वतःचा वर्ग काढला. ११ ऑगस्ट १८१३ रोजी क्लिशी रस्त्यावरील ४९ क्रमांकाच्या घरात सुबोध निद्रेवरील जाहीर व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे दर गुरुवारी वर्ग भरे आणि प्रवेशाला पाच फ्रँक पडत. ही रक्कम मजुराच्या दिवसाच्या कमाईहून अधिक होती. त्यामुळे समोर बसणारे कोण असतील, हे त्या दरानेच ठरवून टाकले होते.

जागेविषयी थोडे सांगायला हवे. क्लिशी रस्ता त्या काळी शहराच्या उत्तर कडेला होता. त्याच बाजूला तिव्होली हे करमणुकीचे प्रसिद्ध उद्यान होते. पॅरिसचे लोक तेथे संगीत ऐकायला, आतषबाजी पाहायला, नुसते मिरवायला जात. शिवाय गुरुवार हा फ्रान्समधील विद्यालयांचा सुटीचा वार. कामाच्या आठवड्याला मध्येच पडणारी ती खिडक होती. म्हणजे पॅरिसच्या बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांच्या दृष्टीने फारियांचा वर्ग हीदेखील एक सहलच होती. बायका मोठ्या संख्येने येत. कोणी आजारावर उपाय मिळेल म्हणून येई, कोणी नवल पाहायला, कोणी उघड थट्टा करायला. एखादा जिज्ञासू तरुणही असे. फारियांच्या बाजूने पाहिले तर ती सहल नव्हती. घरभाडे, जेवण आणि नाव या तिन्ही गोष्टी त्या एका दुपारवर टांगलेल्या होत्या.

वर्गाची रीत ठरलेली असे. आधी व्याख्यान. त्यांचे फ्रेंच लिखाण बोजड आहे, वाक्ये लांबलचक आणि गुंतागुंतीची. बोलणेही फार वेगळे नसावे. मग प्रयोग. श्रोत्यांतून निवडलेल्या व्यक्तीला ते आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करायला सांगत. सगळे निवांत झाले की, मोठ्या, अधिकारवाणीच्या आवाजात झोपण्याची आज्ञा देत. काहींच्या अंगातून सूक्ष्म थरथर जाई आणि ते झोपी जात. आज्ञा तीन वेळा देऊनही झोप लागली नाही, तर ही व्यक्ती या प्रयोगाला योग्य नाही असे सांगून ते तिला मोकळे करीत. निद्रिस्ताला साधे पाणी देऊन दुसऱ्याच पेयाचे नाव सांगितले की, त्याला तीच चव लागे. मग जागे होण्याची आज्ञा, आणि तो माणूस डोळे चोळीत उठे.

हे सगळे चमत्कारासारखे दिसत होते आणि चमत्कार म्हणूनच विकले असते, तर फारिया सुखाने म्हातारे झाले असते. त्याआधी पस्तीस वर्षे व्हिएन्नाचा डॉक्टर मेस्मर याने पॅरिसला वेड लावले होते. साऱ्या विश्वात एक चुंबकीय द्रव भरून आहे आणि आपण तो रोग्याच्या देहात वळवू शकतो, असे तो सांगे. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या समितीने, जिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, तो द्रव अस्तित्वात नसल्याचा निर्वाळा दिला. तरी मेस्मरचे अनुयायी संपले नाहीत. त्यांतले सगळ्यांत आदरणीय नाव मार्की द प्युसेग्यूर यांचे. फारियांनी या विषयाची गोडी त्यांच्याकडूनच घेतली आणि पुढे आपला ग्रंथही त्यांनाच अर्पण केला. पण प्युसेग्यूर मानीत की, प्रयोग करणाऱ्याची प्रबळ इच्छाशक्ती दुसऱ्याला निजवते. फारियांनी गुरूचे हेही म्हणणे नाकारले. द्रव नाही, चुंबक नाही, माझी इच्छाशक्तीही नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेतून आणि श्रद्धेतून. मी फक्त निमित्त. पुढच्या खुर्चीतल्या बाईने आपल्या सामर्थ्याने दिपून जावे म्हणून पाच फ्रँक मोजलेले असताना, ते सामर्थ्य तिचेच आहे असे तिला सांगणे, यात धंद्याचे शहाणपण नव्हते. शिक्षकाचा प्रामाणिकपणा मात्र होता, आणि माझ्या मते फारियांचे मोठेपण त्यांच्या शोधाइतकेच या प्रामाणिकपणात आहे.

वर्ग सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत युद्ध दारात आले. ३० मार्च १८१४ रोजी क्लिशीच्या नाक्यावर मार्शल मोंसे याच्या सैनिकांनी चढून येणाऱ्या शत्रूशी झुंज दिली आणि दुसऱ्या दिवशी परकी फौज पॅरिसमध्ये शिरली. नेपोलियन गेला, परत आला, पुन्हा गेला. या उलथापालथीतूनही वर्गाचा लौकिक वाढतच होता.

आणि म्हणूनच विरोधही. तो तिन्ही बाजूंनी आला. शास्त्रज्ञांना हे ढोंग वाटले. चुंबकवाद्यांना द्रव नाकारणारा हा माणूस फितूर वाटला. धर्मपंडितांना त्यात सैतानाचा हात दिसला, आणि ही टीका पुरोहिताला सर्वाधिक लागणारी होती. पण घाव बसला तो चौथ्याच दिशेने. एक नट वर्गात आला, खुर्चीत बसला आणि आज्ञा होताच झोपेचे सोंग केले. प्रयोग रंगात आला असता डोळे उघडून त्याने सर्वांसमक्ष पाद्रीबुवांची टर उडवली. सप्टेंबर १८१६ मध्ये व्हारिएते नाट्यगृहात ज्यूल व्हेर्ने याचे चुंबकवेडावरील प्रहसन रंगमंचावर आले. पॅरिस पोट धरून हसले. ज्या लोकांनी गुरुवारची दुपार क्लिशी रस्त्यावर घालवली होती, त्यांना आता संध्याकाळी नाटकाला जाऊन तीच करमणूक अधिक चांगल्या विनोदासह मिळू लागली. वर्ग ओस पडला.

सोंग करणाऱ्या एकाने खरोखर झोपलेल्या अनेकांना खोटे कसे ठरवावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या सभागृहात फ्रेंच डॉक्टर उभा असता तर प्रकरण एवढ्यावर मिटले असते का, हेही विचारण्यासारखे आहे. विदेशी माणसाच्या चुकीला सूट नसते.

फारिया मुलींच्या एका निवासी विद्यालयात धर्मगुरू म्हणून राहिले. निर्वाह चालेल एवढे मिळत होते. तेथे त्यांनी ग्रंथ लिहायला घेतला. सुबोध निद्रेचे कारण, अथवा मानवी स्वभावाचे अध्ययन, असे त्याचे नाव. चार खंड योजले होते. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावापुढे आबे आहे, धर्मशास्त्राचा डॉक्टर आहे आणि ब्राह्मण असेही आहे. युरोपात अठ्ठेचाळीस वर्षे काढल्यावरही कॅथलिक पुरोहिताने हा शब्द कशासाठी जपला असेल? कुळाचा अभिमान असेल, पूर्वेच्या ज्ञानाची मोहर उमटवण्याची युक्ती असेल; दोन्हीही असतील.

१८१९ मध्ये पहिला खंड तयार झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. त्यांची कबर आज कोणालाही दाखवता येत नाही. उरलेले तीन खंड आले नाहीत.

वर्गातले विद्यार्थी मात्र पूर्णपणे पांगले नव्हते. न्वाझे नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी फारियांचे प्रयोग पाहून गेला होता. पुढे सेनापती झालेल्या या गृहस्थाने त्या प्रयोगांवर अभ्यासपूर्वक लिहिले आणि ते लिखाण १८५४ मध्ये छापून आले. शतकाच्या उत्तरार्धात नान्सी येथील लिएबो आणि बेर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्यावर संमोहनाची उभारणी केली, तेव्हा तिचा पाया क्लिशी रस्त्यावर घातला गेला होता, हे जाणकारांना मान्य करावे लागले. दरम्यान अलेक्झांडर द्यूमाने १८४४ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत फारियांना इटालियन करून मार्सेयसमोरच्या बेटावरील तुरुंगात टाकले आणि तेथेच मारले. त्या कल्पित कोठडीतला फारियाही करतो काय, तर एका अडाणी खलाशाला गणित, इतिहास आणि भाषा शिकवतो. बाकी सगळे बदलणाऱ्या कादंबरीकाराने एवढे एक खरे ठेवले.

गोमंतकाने त्यांची दखल घेतली ती १९०६ मध्ये. डॉ. दालगादो यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि दुर्मीळ झालेला तो एकमेव खंड पॅरिसमध्ये पुन्हा छापून घेतला.