विश्लेषण : स्वादुपिंडातील पाचक रसाचे रहस्य उलगडणारे क्लोद बेर्नार कोण होते?

मानवी स्वादुपिंडात तयार होणारे लायपेज हे पाचक विकर, म्हणजेच एन्झाइम, आज संशोधनासाठी प्रयोगशाळेत तयार करता येते. त्यासाठी कोणाच्याही शरीरातून रस काढावा लागत नाही. पण हा रस नेमके काय करतो, हे जगाला कळले ते १९व्या शतकातील फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांच्यामुळे. त्याची किंमत मुक्या जनावरांनी मोजली आणि बेर्नार यांच्या संसारानेही.

नाटककार व्हायचे होते, पण...

बेर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील सां-ज्युलियां गावी, द्राक्षमळे असलेल्या कुटुंबात झाला. ल्यों येथे औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करताना त्यांनी नाटके लिहिली. पॅरिसमधील एका नामवंत समीक्षकाने मात्र त्यांना वैद्यकाची वाट धरण्याचा सल्ला दिला. पुढे ते फ्रान्स्वा माजांदी यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक झाले.

सशांनी काय दाखवले?

गवत खाणाऱ्या सशाचे मूत्र गढूळ असते. १८४६ मध्ये बाजारातून आणलेल्या सशांचे मूत्र मात्र स्वच्छ आणि आम्लधर्मी निघाले. उपाशी ससे स्वतःच्याच शरीरातील मांसावर जगत असावेत, असा तर्क बेर्नार यांनी केला. तो पडताळण्यासाठी त्यांनी सशांना मांस खाऊ घातले. विच्छेदन करताना त्यांना वेगळेच काही दिसले. आतड्याजवळच्या लसवाहिन्या चरबीमुळे दुधाळ झाल्या होत्या. पण त्या स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडते, तिथून पुढेच. सशात ही नळी पित्तनलिकेच्या बरीच खाली उघडते, म्हणून फरक स्पष्ट दिसला. मग श्वानांच्या स्वादुपिंडाचा रस काढून त्यांनी तो तेलात मिसळला. त्याचे दुधासारखे मिश्रण झाले आणि चरबीचे विघटन होऊन आम्ले सुटली. पचन म्हणजे जठराचेच काम, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

घरात वाद का झाला?

त्या काळी असे अनेक प्रयोग भूल न देता होत. १८४५ मध्ये विवाह झालेल्या पत्नीला, मारी-फ्रान्स्वाझ यांना, हे असह्य होते. प्रयोगांना सुरुवातीला हातभार लागला तो त्यांच्याच हुंड्याच्या पैशाचा! अखेर १८७०च्या सुमारास दोघे विभक्त झाले. मुली आईकडे राहिल्या. बेर्नार यांनी प्रयोग सोडले नाहीत. यकृत शरीरात साखर तयार करते, हेही त्यांनीच दाखवले. १० फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा फ्रान्सने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला.

आज काय बदलले?

आता लायपेजचा मानवी जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालतात. त्या पेशी विकर तयार करतात आणि ते शुद्ध करून वापरले जाते. जेवणातील चरबी पचू न देणारी औषधे, उदाहरणार्थ ऑर्लिस्टॅट, याच विकराला रोखतात. असे नवे रेणू मानवी विकरावर थेट तपासता येतात. निदान या टप्प्यावर जनावर लागत नाही.

मात्र बदल अर्धाच आहे. स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या पाचक विकरांच्या कॅप्सूल आजही प्रामुख्याने डुकरांच्या स्वादुपिंडापासून बनतात. बेर्नार यांच्या घरात पेटलेला प्रश्न कुपीतील विकराने सौम्य केला, पण मिटवलेला नाही.