विनोबांचे पोट आणि पोटातले जंतू

मुंबई-गोवा महामार्गावरील गडब ज्या पेण तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांची प्रकृती कायम नाजूक राहिली. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढच्याच वर्षी प्रकृतीसाठी आणि संस्कृतच्या अभ्यासासाठी रजा घेऊन ते वाईला गेले. १९३८ मध्ये शरीर फारच खालावले. थंड हवेच्या ठिकाणी न जाता त्यांनी वर्ध्याजवळचे पवनार गाठले, कामाचे सारे विचार बाजूला ठेवले आणि तब्येत सावरली.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदान सुरू झाले. पुढची तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले. या काळात त्यांना लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होता, मलेरियाही झाला. दूध-दही, मध असा मोजका आहार थोडा थोडा घेत ते चालत राहिले.

तेव्हा अल्सरचे खापर काळजी, तिखट आणि आम्लावर फोडले जाई. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. बहुतेक अल्सरमागे हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला, अन्न आणि औषध सोडून, विनोबांनी पवनारला देह ठेवला. त्यांच्या चालत्या वर्षांत या जंतूची तपासणीच नव्हती.

जंतूंचा पसारा पोटापुरताही नाही. शरीरातील जवळपास निम्मे डोपामाइन पचनमार्गात तयार होते. ते थेट मेंदूत शिरत नाही. पण जंतूंनी बनवलेली रसायने व्हेगस नस आणि प्रतिकारशक्तीमार्फत मेंदूवर परिणाम करू शकतात. आतड्यातील एक जंतू कंपवातावरचे लेव्होडोपा औषध वाटेतच डोपामाइनमध्ये बदलतो, असे २०१९ मध्ये दिसून आले. औषध मेंदूपर्यंत कमी पोहोचते ते असे. पोट आणि मन यांची वाहतूक दुहेरी आहे.

दही पोटाला सोसते, पण अल्सर बरा करत नाही. वारंवार पोटदुखी, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास डॉक्टरांना गाठावे. जंतू सापडला, तर साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकदा जातो. विनोबांनी जे वर्षानुवर्षे सोसले, ते आज कोणी मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही.