रायन व्हाइट: ज्याचा आजार गावभर झाला

रायन व्हाइटचा जन्म १९७१ चा, अमेरिकेतील इंडियाना राज्यात. त्याला हिमोफिलिया होता. रक्त गोठावे म्हणून दात्यांच्या रक्तापासून बनवलेला ‘फॅक्टर आठ’ हा घटक त्याला नियमित टोचावा लागे. त्यातूनच एचआयव्ही शरीरात शिरला. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूमोनिया होऊन फुफ्फुसावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा एड्सचे निदान झाले. रायन नुकताच तेरा वर्षांचा झाला होता. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली.

बातमी कोकोमो गावभर पसरली. शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा तो घरी बसून फोनवर वर्ग ऐकू लागला. तो घरोघर वर्तमानपत्रे टाकत असे. कागदातून विषाणू येईल या भीतीने अनेकांनी पेपरच बंद केला. कोर्टकज्जे करून १९८६ मध्ये तो शाळेत परतला खरा, पण स्वच्छतागृह वेगळे आणि जेवणाची भांडी वापरून फेकायची. घराच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली, तेव्हा मात्र कुटुंबाने गाव सोडले. सिसेरो येथील नव्या शाळेत आधी मुलांना हा आजार कसा पसरतो, कसा पसरत नाही हे समजावले गेले. तिथे मुलांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. एवढाच काय तो फरक!

८ एप्रिल १९९० रोजी, अठराव्या वर्षी रायन गेला. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याच्या नावाचा कायदा झाला. त्याचा मुख्य भाग एचआयव्हीबाधितांच्या उपचारांच्या खर्चाचा. पण त्यात रुग्णवाहिका कर्मचारी आणि अग्निशमन जवानांसाठीही कलमे होती. रुग्णाचे रक्त जखमेवर उडाले, सुई टोचली, तर कर्मचाऱ्याने आपल्या दलातील नेमलेल्या अधिकाऱ्याला सांगायचे. त्याने रुग्णालयाकडे विचारणा करायची. फुफ्फुसाच्या क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारात तर विचारण्याचीही वाट पाहायची नाही. निदान होताच, फार तर ४८ तासांत, रुग्णालयानेच कळवायचे. वेळेत कळले तर प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात, घरच्यांना जपता येते.

कळवायचे ते आजाराचे नाव आणि रुग्णाला आणल्याची तारीख. रुग्णाची ओळख उघड करायला हा कायदा परवानगी देत नाही, त्याच्यावर तपासणीची सक्तीही करत नाही. कोकोमोत नेमके उलटे घडले होते: नाव सर्वांना ठाऊक, आजाराची माहिती कोणालाच नाही.

२००६ च्या फेरबदलात ही कलमे गळाली. २००९ मध्ये ती परत आली आणि मार्च २०२० मध्ये त्यांच्याखालील आजारांच्या यादीत कोविड-१९ ची भर पडली.