दया असली, तरी शिकावं लागतं
आजचे वाचन : लूक १०:२५-३७

शोमरोन्याला जखमा बांधता येत होत्या, हे मी वाचताना नेहमी विसरते. क्लिफर्ड मॅनशार्ट विसरले नाहीत. आमच्या माझगावहून रेल्वे ओलांडली की नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनच्या या पाळकांनी तिथे नेबरहुड हाउस उघडलं. शेजारी कुठल्याही धर्माचा असो, दार उघडं. पण नुसत्या कळवळ्यावर सेवा चालत नाही, ती शिकावी लागते, असं त्यांचं मत. मला ते पटतं. म्हणून १९३६ मध्ये टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तिथेच समाजकार्याची शाळा निघाली, आजची 'टिस'. मॅनशार्ट पहिले संचालक. १९४१ मध्ये शाळा जे. एम. कुमारप्पांकडे सोपवून ते निघाले. शोमरोनीही दुसऱ्या दिवशी निघालाच होता.